हौशी बँडसोबत क्लॅरिनेटचा सोलो: रचना कशी निवडली

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बँडच्या समितीने कळवलं की जूनच्या मैफलीत बँडमधल्याच एका वादकाला सोलो, म्हणजे बँडच्या साथीने पुढे उभं राहून एकट्याने वाजवायची रचना, दिला जाईल, इच्छुकांनी महिनाअखेरपर्यंत अर्ज करावा. आमचा बँड हौशी आहे, मुख्यतः फुंकून वाजवायच्या वाद्यांचा. कॉलेजातल्या मुलांपासून निवृत्तांपर्यंत पन्नासेक जण आठवड्यातून एका संध्याकाळी तालमीला जमतो. मी दुसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेत बसते. अर्ज, निवड, तालमी, मैफल आणि शेवटी पार्ट (प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद) परत करणं, हे सगळं उरकायला जुलै उजाडला. या प्रवासात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते रचना निवडण्याने. क्लॅरिनेटच्या सोलोबद्दल वाचायला खूप मिळतं, पण ते बहुतेक ऑर्केस्ट्राच्या किंवा पियानोच्या साथीबद्दल असतं. पाठीमागे वाद्यवृंद म्हणून आणखी डझनभर क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि पितळी वाद्यं बसलेली असतात तेव्हा काय बघून निवडायचं, हे मला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागलं. म्हणून तपशिलात लिहिते आहे.

अर्ज एका पानाचा होता. रचनेचं नाव, संगीतकार, बँडसाठी रूपांतर, म्हणजे अरेंजमेंट, कुणाची, प्रकाशक कोण, लांबी किती मिनिटं (मर्यादा दहा), बँडला कोणकोणती वाद्यं लागतील, स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) आणि पार्टचा संच आपल्या ग्रंथालयात आहे का, नसेल तर विकत मिळतो की भाड्याने, आणि एक पर्यायी रचना. माझ्या वाजवण्याबद्दल फक्त एक ओळ सोडलेली होती. तो अर्ज हातात घेऊन मी कंडक्टरना भेटले. मी उत्साहाने चार-पाच नावं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला काय आवडतं ते कळलं. आता आपल्या बँडला यातलं काय पेलेल, ते स्कोअर बघून मला सांगा." पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यावर झाले. सोलोचा पार्ट शेवटी उघडायचा, आधी स्कोअर.

पहिली आठवण अर्थातच मोझार्टची. त्याचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि साथीचा वाद्यवृंद यांची रचना), के. ६२२, हा १७९१ चा, म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षातला, आणि अँटोन श्टाडलर या वादकासाठी लिहिलेला. मूळ पट्टी ए मेजर, आणि आज तो बहुधा वाजवतात ते वाद्य ए क्लॅरिनेट, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की कानाला ए येतो; बी फ्लॅट क्लॅरिनेटवर तोच सी बी फ्लॅट ऐकू येतो. माझ्याकडे, बहुतेक हौशी वादकांसारखंच, फक्त बी फ्लॅट क्लॅरिनेट आहे. बँडसाठीच्या अरेंजमेंटमध्ये त्यामुळे पट्टी अर्धा स्वर वर, बी फ्लॅट मेजरमध्ये नेलेली सापडते. सोलो वाजवणाऱ्याच्या कागदावर सी मेजरच राहतं, बोटं तीच राहतात, आणि बँडलाही फ्लॅटची पट्टी सोयीची पडते. इथे एक काळजी घ्या: घरी सरावासाठी पियानोच्या साथीची जी प्रत आणाल ती आणि बँडची प्रत एकाच पट्टीत आहेत ना, हे पैसे देण्याआधी तपासा. मला त्यातला संथ मधला भाग वाजवायचा होता. स्कोअर उघडला आणि थांबले. त्या भागाची सगळी जादू साथीच्या हळुवारपणात आहे. तंतुवाद्यं धनुष्याच्या हलक्या ओढीने जो लांब, जेमतेम ऐकू येणारा स्वर धरतात, तो हॉर्न आणि ट्रॉम्बोनने धरायचा म्हणजे दमाची आणि ओठांची कसोटी. संथ रचना बँडला सोपी जाते असा समज सर्रास दिसतो. वेगवान पण विरळ साथ हौशी बँडला पुष्कळदा जास्त सोपी असते, असं माझं मत त्या दिवशी झालं आणि पुढे पक्कं होत गेलं.

अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक आर्टी शॉचा १९४० चा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो मला शाळेच्या दिवसांपासून प्रिय आहे. पण तो स्विंगच्या, म्हणजे झुलत्या जॅझच्या, अंगाने जातो आणि शेवट क्लॅरिनेटच्या अगदी टोकाच्या उंच स्वरावर होतो. तो स्वर मला चांगल्या दिवशी लागतो. निवडताना मी स्वतःला एक कसोटी लावली: हवा कोरडी आहे, रीड (मुखाशी लावायची वेताची पात) रुसली आहे, आदल्या रात्री झोप कमी झाली आहे, अशा दिवशीही जी रचना मी नीट वाजवू शकेन तीच यादीत ठेवायची. शॉ यादीतून गेला. वाईट वाटलं, पण पुन्हा विचार करावासा वाटला नाही.

इंग्लिश क्लॅरिनेटवादक ॲकर बिल्कचं १९६१ चं 'स्ट्रेंजर ऑन द शोअर' मी अर्जात पर्यायी रचना म्हणून लिहिलं. छोटं, संथ, गुणगुणण्यासारखं, आणि त्याचा बँडचा संच आमच्या ग्रंथालयात आधीपासून होता. पर्यायी रचनेचा रकाना रिकामा सोडू नका. मुख्य संच वेळेत आला नाही तर बँड दोन तालमींत उभं करू शकेल असं काहीतरी तिथे हवं.

मग उरल्या दोन रचना, आणि इथे मी खूप घुटमळले.

एक होती रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हची. १८७३ पासून तो रशियन नौदलाच्या बँडचा निरीक्षक होता, आणि त्या काळात त्याने बँडच्या साथीसाठीच काही सोलो रचना लिहिल्या: ट्रॉम्बोनसाठी, ओबोसाठी आणि १८७८ मध्ये क्लॅरिनेटसाठी. ई फ्लॅट मेजर, तीन भाग न थांबता एकापाठोपाठ, लांबी दहा मिनिटांच्या आत. ऑर्केस्ट्रावरून उतरवलेलं काही नाही, मुळातच लष्करी बँडसाठी. कागदावर ही निवड सर्वांत रास्त दिसत होती, आणि समितीतल्या दोघांचं मत तेच होतं.

दुसरी जर्मन संगीतकार वेबरचा कॉन्चेर्टिनो (छोटा कॉन्चेर्टो), ओपस २६. वेबर चोवीस वर्षांचा असताना, १८११ च्या वसंतात म्युनिकमध्ये त्याने हा हाइनरिष बेअरमान या क्लॅरिनेटवादकासाठी लिहिला. तो इतका आवडला की बव्हेरियाच्या राजाने लगेच आणखी दोन क्लॅरिनेट कॉन्चेर्टो लिहायला सांगितले, आणि तेही त्याच वर्षी झाले. कॉन्चेर्टिनो एकसंध आहे: संथ सुरुवात सी मायनरमध्ये, मग ई फ्लॅटमधली साधी सरळ धून, तिची रूपं, मध्येच खालच्या सप्तकात उतरणारा एक गडद, संथ तुकडा, आणि शेवटी सहा-आठच्या तालात उसळणारा वेगवान भाग. साधारण नऊ मिनिटं. यातला स्वर गाणाऱ्या माणसासारखा आहे. पुढे ऑपेरासाठी गाजलेला संगीतकार इथे क्लॅरिनेटकडून गाऊन घेतो, आणि मला नेमकं तेच करायचं होतं.

दोन्हींचे स्कोअर प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर नमुना म्हणून बघायला मिळाले. काहींची फक्त पहिली पानं असतात, विनंती केली तर पूर्ण प्रत बघायला देतात. उत्तर यायला आठवडाभर धरा. मी छापून घेतलेल्या पानांवर सोलोची ओळ मोजपट्टीने झाकली आणि उरलेल्या ओळी वरून खाली वाचत गेले. जिथे सोलोखाली पितळी वाद्यं सलग वाजतात तिथे लाल पेन्सिल. जिथे बँडमधले क्लॅरिनेट सोलोच्याच पट्ट्यात वाजतात तिथे पिवळी. जिथे चारपाच वाद्यंच आहेत तिथे काही नाही. पिवळा रंग माझ्या मते लालपेक्षा जास्त धोक्याचा. ट्रम्पेटला हळू वाजवायला सांगता येतं आणि त्याचा पोत वेगळा असल्याने ऐकणाऱ्याचा कान सोलो शोधून काढतो. पण तुमच्याच वाद्याचे डझनभर भाईबंद तुमच्याच उंचीवर वाजत असले की श्रोत्याला सोलो कुठला आणि साथ कुठली, कळतच नाही.

क्लॅरिनेटच्या सप्तकांची जाण इथे उपयोगी पडते. सगळ्यात खालचा पट्टा जाड आणि गडद, पण बँडच्या मध्यभागातल्या गर्दीत सहज बुडतो. त्यावरचे घशातले दोन-चार स्वर मुळातच फिके. रजिस्टर की दाबून वर गेलं की आवाज उजळतो आणि अंतर कापतो. म्हणून सोलोतल्या कुठल्या ओळी कुठल्या पट्ट्यात आहेत हे बघून त्याखालची साथ तपासायची. वेबरच्या त्या गडद तुकड्यात मूळ ऑर्केस्ट्रात व्हायोला साथ करतात, अगदी हात राखून. आमच्या अरेंजमेंटमध्ये ते काम सॅक्सोफोन आणि युफोनियम या जाड आवाजाच्या पितळी वाद्याकडे दिलेलं होतं. तिथे माझी पानं लाल-पिवळी झाली. बाकी ठिकाणी मात्र पानं कोरी होती: वेबर पूर्ण वाद्यमेळ सोलोच्या मध्ये पेरतो, सोलोवर घालत नाही.

रिम्स्की-कोर्साकोव्हची जी आवृत्ती मिळत होती तिच्यात आमच्याकडे नसलेली वाद्यं जास्त होती. आमच्याकडे बॅसून हे वाद्य नाही आणि ओबो एकच आहे. अशा वेळी त्यांच्या ओळी दुसऱ्या वाद्यांच्या पार्टमध्ये बारीक अक्षरात छापलेल्या आहेत का, हे बघायचं. वेबरच्या संचात त्या होत्या. बऱ्याच प्रकाशकांच्या यादीत अरेंजमेंटला १ ते ६ अशी अवघडपणाची श्रेणीही दिलेली असते. ती सोलोची आहे की बँडच्या पार्टची, हे विचारून घ्या. पन्नास जणांसाठी दुसरा आकडा महत्त्वाचा.

शेवटी मी अर्जावर वेबर लिहिलं. कारणं तीन-चार होती, पण खरं कारण हे की तो वाजवताना मला जे सांगायचं असतं ते सुचतं. पाच महिने रोज एकच रचना उघडायची असेल तर हे कारण पुरेसं आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर पियानोच्या साथीने समितीसमोर वाजवून दाखवायचं होतं. पियानोवादकाचं मानधन अर्जदाराने द्यायचं, हे नियमात लिहिलं होतं. त्यात आधीच्या एका सरावाचंही धरा. माझी छाती धडधडत होती, संथ सुरुवातीचे दम आखडले, पण शेवटचा भाग मोकळा झाला. दोन आठवड्यांत कळवू म्हणाले, उत्तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. ही वाट बघणं जड गेलं. त्या काळात मी रचना बाजूला ठेवून फक्त तिच्या पट्ट्यांवर काम केलं: कानाला ई फ्लॅट मेजर आणि सी मायनर, म्हणजे आपल्या कागदावर एफ मेजर आणि डी मायनर, सगळ्या सप्तकांत, जोडून, तोडून अशा वेगवेगळ्या उच्चारांत. निवड झाली नसती तरी ते वाया गेलं नसतं.

होकार आला आणि कागदपत्रांचा दुसरा फेरा सुरू झाला. वेबर १८२६ मध्ये वारला, त्यामुळे मूळ संगीतावर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण बँडसाठी केलेल्या अरेंजमेंटवर अरेंजरचा किंवा प्रकाशकाचा वेगळा हक्क असू शकतो. म्हणून सार्वजनिक मैफलीच्या परवानगीच्या कागदावर चिटणीसांना दोघांची नावं, आवृत्ती आणि मिनिटं लागली. अर्जात लिहिलेले तपशील जसेच्या तसे कामाला आले, म्हणून पहिल्या अर्जाची प्रत जपून ठेवा.

संच भाड्याचा ठरला. भाडं, अनामत रक्कम आणि परत पाठवण्याचा खर्च मिळून बँडच्या वर्षाच्या संगीत-खर्चातला मोठा वाटा गेला, आणि खजिनदारांनी तो मंजूर करताना मला मनापासून कृतज्ञ वाटलं. करारात तीन गोष्टी वाचा. मुदत संच निघाल्यापासून मोजतात की पोचल्यापासून. उशीर झाला तर दंड किती. आणि पार्टच्या झेरॉक्स काढायला मनाई आहे का. बहुतेक ठिकाणी असतेच, त्यामुळे प्रत्येक स्टँडला किती मूळ प्रती लागतील ते आधीच मोजून मागवा.

संच एप्रिलच्या सुरुवातीला आला. त्यात तिसऱ्या क्लॅरिनेटचे पार्टच नव्हते. पाठवणाऱ्यांना कळवलं, त्यांनी उरलेले पाठवले, पण तोवर तालमी सुरू झाल्या होत्या. तिसरी रांग गप्प बसून राहिली. आणि त्या तालमीत मी प्रथमच बँडवरून ऐकू गेले. कंडक्टरनी बॅटन खाली ठेवून सगळ्यांना विचारलं, ऐकलंत का. नंतर पार्ट आल्यावरही त्यांनी सोलोखालच्या ओळी प्रत्येक पार्टला एकेकच वादक वाजवेल असं ठरवलं आणि पूर्ण बँडच्या तुकड्यांना सगळे सामील झाले. त्या गडद तुकड्यात तर युफोनियम काढून टाकून ती ओळ बास क्लॅरिनेटला दिली. युफोनियम वाजवणारे काका स्वतःच म्हणाले, "इथे मी नको, तुझा खालचा ई मला इथून ऐकू येत नाही." कोण कुठल्या मापापासून (तालाच्या खंडापासून) थांबतो याची यादी मी स्टँडगणिक लिहून दिली. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी. तोंडी सूचना पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाहीत.

दुसरी खबरदारी खुणांची. माझ्या पियानोच्या प्रतीत मापांचे आकडे होते, बँडच्या स्कोअरमध्ये अक्षरं, आणि अरेंजमेंटमध्ये पूर्ण बँडचा एक तुकडा थोडा छाटलेला होता. पहिल्या तालमीआधी बसून मी बँडच्या खुणा माझ्या प्रतीवर उतरवल्या. कंडक्टर "जी पासून" म्हणतात तेव्हा सोलो वाजवणाऱ्याने पानं उलटत बसू नये.

मे महिना सुराचा आणि रीडचा. हळू वाजवलं की क्लॅरिनेट चढतं आणि बासरी उतरते, त्यामुळे दोघी एकत्र असलेल्या शांत जागा आम्ही वेगळ्या बसून जुळवल्या. दिव्यांखाली वाद्य तापलं की सूर आणखी चढतो. बॅरल (मुखाखालचा छोटा जोडतुकडा, ओढला की सूर उतरतो) किती ओढायचं हे मी मैफलीच्या सभागृहातल्या तालमीतच ठरवलं. रीडची नवी पेटी एप्रिलमध्येच उघडली, प्रत्येक रीडच्या मागे पेन्सिलने खूण केली आणि आलटून पालटून वाजवल्या. मैफलीसाठी निवडलेली रीड सगळ्यात ताजी नव्हती, सगळ्यात भरवशाची होती. उभं कुठे राहायचं याचाही फरक पडतो. क्लॅरिनेटचा बहुतेक आवाज उघड्या छिद्रांतून बाहेर पडतो, टोकाच्या घंटेतून फक्त अगदी खालचे स्वर. म्हणून स्टँड छातीखाली नेला आणि मी बँडच्या रांगेपासून एक पाऊल पुढे, कंडक्टरच्या डाव्या बाजूला उभी राहिले. सभागृहात मागच्या खुर्चीवर बसून ऐकणारा एक माणूस तालमीला जरूर न्या.

एक गोष्ट आधीच मागून घेतली, तिचा खूप आधार झाला. सोलोच्या आधीच्या रचनेत मी वाजवणार नाही, अशी परवानगी. नऊ मिनिटांत या सोलोत ओठांना विसावा थोडाच आहे. तेवढ्या वेळात मी पडद्यामागे वाद्यात नुसती गरम हवा फुंकत राहिले, म्हणजे ते थंड पडून सुरात उतरत नाही.

मैफल जूनच्या तिसऱ्या शनिवारी झाली. सुरुवातीला गुडघे थरथरत होते. धून सुरू झाली तशी मी स्थिरावले. गडद तुकड्यात माझ्याखाली बास क्लॅरिनेटचा एकच स्वर होता आणि मला त्याच्यावर रेलून गाता आलं. शेवटच्या भागात एका जागी मी आणि बँड किंचित सुटलो, कंडक्टरनी पुढच्या मापाला गाठलं. नंतर तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाने मला विचारलं की पुढच्या वर्षी अर्ज कसा करायचा.

मैफलीनंतरचा आठवडा खोडरबरात गेला. भाड्याच्या पार्टवरच्या सगळ्या पेन्सिलच्या खुणा पुसून द्याव्या लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून शाईचं पेन कुणाच्या हाती देऊ नका, पेन्सिलही मऊ ठेवा. ग्रंथपालांनी प्रत्येक स्टँडचे पार्ट मोजून घेतले. एक हॉर्नचा पार्ट वाद्याच्या पेटीत राहिला होता तो दोन दिवसांनी मिळाला. संच मुदतीच्या आत पोचला आणि अनामत जुलैच्या मध्यावर परत आली. खुणा पुसण्याआधी कोण कुठे थांबतं याची पूर्ण यादी मी वहीत उतरवून घेतली होती. ती, रंगवलेली स्कोअरची पानं सोडून, अर्जाच्या प्रतीसोबत ग्रंथालयाच्या कपाटात 'सोलो' लिहिलेल्या फाइलला लावली आहे. रंगवलेली पानं त्या मुलाकडे आहेत.